टीकाचार्य जयतीर्थ : दंतकथेतला वाद आणि पोथीतला वाद

आपल्या मंडळाच्या बैठकीत मंगळवेढ्याचा विषय निघाला की दहा मिनिटांत गाडी एकाच प्रश्नावर येऊन थांबते. जयतीर्थ आपले की त्यांचे? म्हणजे मराठी की कानडी? एक जण म्हणतो, जन्म मंगळवेढ्याचा, पूर्वाश्रमीचं नाव धोंडोपंत, मग आणखी काय पुरावा हवा? दुसरा म्हणतो, अहो, मठ कानडी, शिष्यपरंपरा कानडी, दासांची पदं कानडी, वृंदावन मळखेडला. चहा गार होतो आणि बैठक संपते. या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही : या माणसानं लिहिलं काय?

मी स्वतः पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत हा प्रश्न विचारला नव्हता, हे आधीच कबूल करतो. मी स्थापत्य अभियंता, हैदराबादेत तीन पिढ्यांपासून राहणाऱ्या घरातला. आमच्याकडे वैष्णव कुळाचार, म्हणजे माध्व. गोपीचंदन, अंगारा-अक्षता, आषाढी एकादशीला तप्तमुद्रा, सगळं यथासांग. आजोळ मात्र स्मार्त. देशस्थांत हे नवं नाही. पंचांगात स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी वेगवेगळ्या दिवशी आल्या की आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवस साबुदाणा भिजायचा. द्वैत-अद्वैताशी माझा परिचय इतकाच होता.

आजोबांच्या पोथ्या लाल फडक्यात बांधून देवघरातल्या फळीवर असायच्या. त्यांना रोज गंध-फूल, पण फडकं सोडलेलं मी कधी पाहिलं नाही. जुनं घर रिकामं करताना ते गाठोडं माझ्या वाट्याला आलं. त्यात मूर्ती नव्हती, चांदीचं काही नव्हतं, म्हणून बाकीच्यांनी आनंदानं सोडलं. त्यात एक बारीक पुस्तक होतं, 'प्रमाणपद्धति'. कर्ते जयतीर्थ. संस्कृत शाळेत शिकलो होतो तेवढंच, तेही विसरलेलं. कोश शेजारी घेऊन, अडखळत, एका शास्त्रीबुवांना विचारत ते वाचायला मला सव्वा वर्ष लागलं. या लेखात जे म्हणणार आहे ते त्या वाचनातून आलेलं आहे.

आधी चरित्र, जेवढं हाती लागतं तेवढं

जयतीर्थ चौदाव्या शतकातले. मध्वाचार्यांचे साक्षात शिष्य अक्षोभ्यतीर्थ, आणि अक्षोभ्यतीर्थांचे शिष्य जयतीर्थ. पीठावरचा काळ सर्वसाधारणपणे इ.स. १३६५ ते १३८८ असा धरतात. मध्वांच्या ग्रंथांवर त्यांनी इतक्या टीका लिहिल्या की 'टीकाचार्य' हेच त्यांचं नाव पडलं. (इथे टीका म्हणजे विवरण. आजच्या अर्थाची टीका नव्हे.) लहानमोठे मिळून वीसच्या आसपास ग्रंथ. मध्वांच्या ब्रह्मसूत्रभाष्यावर 'तत्त्वप्रकाशिका', 'अनुव्याख्यान' या श्लोकबद्ध ग्रंथावर 'न्यायसुधा', गीताभाष्यावर 'प्रमेयदीपिका', गीतातात्पर्यावर 'न्यायदीपिका'. शिवाय 'प्रमाणपद्धति' आणि 'वादावली' ही दोन स्वतंत्र प्रकरणं.

बाकी चरित्र 'जयतीर्थविजय' या नावाच्या काव्यांतून आणि मठांच्या परंपरेतून येतं. मंगळवेढ्याच्या एका वतनदार घरातला घोडेस्वार तरुण नदीवर येतो. तहान लागलेली. घोड्यावरून न उतरता, हात न लावता, वाकून तोंडानंच पाणी पितो. पैलतीरावर बसलेले अक्षोभ्यतीर्थ ते पाहतात आणि विचारतात, मागच्या जन्मी तू गुरं होतास की काय? त्या प्रश्नानं तरुणाला पूर्वजन्म आठवतो. मध्वांच्या पोथ्या पाठीवर वाहणारा बैल तो हाच. तरुण संन्यास मागतो. वडील चिडतात, ओढून घरी नेतात, लग्नाच्या बेडीत अडकवतात. रात्री बायकोला त्याच्या जागी सर्प दिसतो. मग वडील हार मानतात.

दुसरी कथा वादाची. कोलार भागातल्या मुळबागलला अक्षोभ्यतीर्थ आणि विद्यारण्य यांचा वाद झाला, विषय 'तत्त्वमसि', मध्यस्थ श्रीवैष्णवांचे वेदान्तदेशिक, आणि निकाल अक्षोभ्यतीर्थांच्या बाजूनं. तिसरी कथा, त्याच विद्यारण्यांनी पुढे जयतीर्थांची टीका वाचली आणि ती हत्तीवर ठेवून मिरवली.

आता या कथांचं करायचं काय? आमच्यासारखे हौशी इतिहासकार इथे दोन चुका करतात. एक तर सगळं इतिहास म्हणून छापतात, नाही तर सगळं थोतांड म्हणून फेकून देतात. मला वाटतं, तिसरी वाट खुद्द जयतीर्थांनीच घालून दिली आहे.

त्यांचंच माप

'प्रमाणपद्धति'चा आरंभ एका साध्या गोष्टीपासून होतो. वस्तू जशी आहे तशी धरतं ते प्रमाण. याथार्थ्य ही एकच अट. मग ते दोन भाग पाडतात. खरं ज्ञान हे स्वतःच एक प्रमाण, त्याला 'केवलप्रमाण' म्हणतात. ते ज्ञान ज्या साधनानं मिळतं ते 'अनुप्रमाण'. अनुप्रमाणं तीन : प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम. आमच्या साइटवरच्या भाषेत सांगायचं तर, मोजलेलं माप आणि मोजायचा टेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही तपासाव्या लागतात. आम्ही हे ठेचा खाऊन शिकलो.

पुढची गोष्ट इतिहासवाल्यांसाठी फार मोलाची आहे. स्मृती, म्हणजे आठवण, हे प्रमाण की नाही? नैयायिक नाही म्हणतात. आठवण म्हणजे जुन्या अनुभवाची उसनवारी, तिला स्वतःचा अधिकार नाही, असं त्यांचं म्हणणं. जयतीर्थ म्हणतात, का नाही? जे घडून गेलं ते घडून गेलेलं म्हणून, जसं होतं तसं आठवत असेल तर ते ज्ञान यथार्थच आहे. ज्यावर सगळ्या जगाचा व्यवहार चालतो ती गोष्ट व्याख्येच्या सोयीसाठी बाहेर काढायची का? ते आठवणीला आत घेतात आणि मनानं होणारं प्रत्यक्ष म्हणून तिची जागा लावून देतात.

आपलं मंडळ चालतं ते आठवणींवर. कुणाची आजी, कुणाच्या वाड्याची गोष्ट, कुणी सांगितलेली रझाकारांच्या वेळची हकीकत. कागदवाले आपल्याला नेहमी हिणवतात, की हे सगळं ऐकीव. सहाशे वर्षांपूर्वी एका तर्कशास्त्र्यानं आठवणीची बाजू इतक्या नेटानं मांडली, हे वाचून मला काय वाटलं असेल याची कल्पना करा. पण त्याच वाक्यात अटही आहे. आठवण चालेल, पण ती यथार्थ हवी. म्हणजे ज्याला अनुभव नव्हता त्याची आठवण ही आठवणच नव्हे.

हे माप आता त्यांच्याच कथांना लावू. मुळबागलचा वाद एका परंपरेत विजय म्हणून सांगितला जातो, अद्वैत परंपरेला तो निकाल मान्य नाही. दोन्हीकडे आपापल्या विजयाची 'आठवण' आहे. दोन्ही एकाच वेळी यथार्थ असू शकत नाहीत. तेव्हा वाद झाला अशी परंपरा आहे एवढंच लिहावं, निकाल लिहू नये. हत्तीच्या मिरवणुकीचंही तेच. तिथे मला एक खटकतंही. टीकेची थोरवी पटवायला आपल्याला प्रतिपक्षाचा शिक्का लागतो, तोही विद्यारण्यांसारख्या मोठ्या माणसाचा. ज्याला पुस्तक उघडायचं नाही त्याला हत्ती लागतो.

बैलाची कथा मात्र मी टाकायला तयार नाही. ती घटना म्हणून टिकत नाही, हे उघड आहे. पण ती एक समीक्षा म्हणून वाचा. ज्यानं ही कथा रचली त्याला टीकाकाराचं काम नेमकं कळलं होतं. ओझं दुसऱ्याचं, वाट दुसऱ्यानं ठरवलेली, आणि चालायचं मात्र आपण. मध्वांची भाषा अत्यंत त्रोटक. एकेका शब्दात एकेक प्रकरण कोंबलेलं. ते मागाहून येणाऱ्याला उलगडावं म्हणून कुणी तरी ते सगळं पाठीवर घेऊन चाललं. या कथेत हत्ती नाही, विजय नाही, मध्यस्थ नाही. सगळ्या कथांत मला ती जास्त खरी वाटते.

वाद प्रत्यक्षात कसा चालतो

वादपटू म्हणून जयतीर्थ पाहायचे तर 'वादावली' घ्यावी. विषय एकच, जग मिथ्या आहे हे अद्वैत्यांचं अनुमान. आनंदबोधासारख्या अद्वैती आचार्यांनी ते अनुमान असं बसवलं होतं : जग मिथ्या, कारण ते दृश्य आहे, जड आहे आणि परिच्छिन्न, म्हणजे मर्यादित आहे. उदाहरण काय, तर शिंपल्यावर दिसणारी चांदी. ती दिसते पण नसते, तसंच हे जग.

जयतीर्थ चिडत नाहीत. मायावादी, नास्तिक वगैरे शेलकी विशेषणं त्यांच्या परंपरेत पुष्कळ आहेत, पण त्यांच्या पानावर मुख्य काम वेगळंच चाललेलं असतं. ते विचारतात, 'मिथ्या' म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय? अजिबात नसलेलं? की सत् आणि असत् दोन्हींहून वेगळं, ज्याचं वर्णनच करता येत नाही असं? की अज्ञानातून निपजलेलं? प्रत्येक अर्थ एकेक करून घेतात आणि तो घेतला तर पुढे काय होईल ते दाखवतात. मग वळतात हेतूकडे. 'दृश्य' म्हणजे ज्ञानाचा विषय होणारं, असंच ना? मग वेदान्तवाक्यांतून ब्रह्माचंही ज्ञान होतंच. ते होत नसेल तर वेदान्त कशाला शिकायचा? आणि होत असेल तर तुमच्याच हेतूनं ब्रह्मही मिथ्या ठरेल.

आम्ही एखादा पूल का खचला हे शोधताना असंच करतो. पाया, काँक्रीट, सळई, भार, पाणी. एकेक शक्यता मांडायची, ती खरी असती तर काय दिसलं असतं ते पाहायचं, आणि खोडायची. शास्त्रात याला विकल्प म्हणतात. नुसता विकल्पांचा खेळ कुणीही करेल. समोरच्याचा सर्वांत बळकट अर्थ आधी घ्यायचा, तो मांडताना कंजुषी करायची नाही, हे मात्र सगळ्यांना जमत नाही. 'न्यायसुधा'त हे पानोपानी दिसतं. वाचस्पतिमिश्र असोत, श्रीहर्ष असोत, मीमांसक असोत की नैयायिक, पूर्वपक्ष इतका नीट मांडलेला असतो की मी दोन-तीनदा तो जयतीर्थांचाच सिद्धान्त समजून वहीत उतरवून घेतला, आणि पुढच्या पानावर तो खोडलेला पाहून ओशाळलो. सुधा वाचावी नाही तर पृथ्वीचं राज्य करावं, अशा अर्थाची एक म्हण पंडितांत प्रसिद्ध आहे. ती मला पूर्वी अतिशयोक्ती वाटायची.

शिंपल्याच्या उदाहरणावर त्यांचं उत्तर साध्या माणसाला पटेल असं आहे. भ्रम उतरल्यावर आपण काय म्हणतो? 'इथे चांदी नव्हतीच.' 'एक वर्णन न करता येणारी चांदी होती आणि ती गेली' असं कुणी म्हणत नाही. म्हणजे जे नव्हतं तेच आहे असं भासलं. भ्रम आहे हे द्वैतीही मान्य करतात. पण त्यासाठी शिंपला खरा लागतो, आणि दुकानातली चांदीही कुठे तरी खरी पाहिलेली लागते. एका चुकीच्या रीडिंगवरून सगळी मोजणी खोटी ठरवता येत नाही. नाही तर ते रीडिंग चुकीचं होतं हे तरी कशावरून कळलं?

याच जागी 'साक्षी' ही कल्पना येते. पाच इंद्रियं, सहावं मन आणि सातवा साक्षी, असं प्रत्यक्षाचं गणित जयतीर्थ मांडतात. सुख, दुःख, काळ, आणि 'मला हे कळलं' हे कळणं, हे साक्षीचं क्षेत्र. मन चुकू शकतं, साक्षी चुकत नाही. दाढ दुखत असताना 'खरंच दुखतंय का' असा संशय येत नाही, तिथे साक्षी आहे असं मी माझ्यापुरतं समजतो. सगळं ज्ञान तपासायला आणखी एक ज्ञान, ते तपासायला आणखी एक, ही साखळी कुठे तरी थांबली पाहिजे. जयतीर्थ ती इथे थांबवतात.

त्यांच्या नंतर

या वादाचं मोल पुढे काय झालं त्यावरून कळतं. दीडेकशे वर्षांनी विजयनगरच्या काळात व्यासतीर्थांनी 'वादावली'चेच धागे घेऊन, नव्यन्यायाच्या परिभाषेत, 'न्यायामृत' लिहिलं. त्याला उत्तर म्हणून मधुसूदन सरस्वतींनी 'अद्वैतसिद्धि' लिहिली, जवळजवळ मुद्द्याला मुद्दा लावून. तिच्यावर व्यासरामाचार्यांची 'तरंगिणी', आणि तरंगिणीला उत्तर ब्रह्मानंदांची 'चंद्रिका'. इकडे 'न्यायसुधा'वर वादिराजांची 'गुर्वर्थदीपिका' आणि मंत्रालयच्या राघवेंद्रतीर्थांचा 'परिमल'. सुधेचा पाठ पुरा झाला की 'सुधामंगल' करायचा प्रघात मठांत आजही आहे.

मधुसूदनांनी हत्ती आणला नाही. त्यांनी पुस्तक उघडलं, प्रत्येक आक्षेप वाचला आणि उत्तर दिलं. प्रतिपक्षाकडून याहून मोठा सन्मान काय असतो? सुरेंद्रनाथ दासगुप्तांनी आपल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाच्या १९४९ च्या चौथ्या खंडात जयतीर्थ आणि व्यासतीर्थ यांच्या तर्ककौशल्याला भारतीय विचारात अगदी वरची जागा दिली. दासगुप्त काही माध्व नव्हते. त्यांनी वाचलं म्हणून लिहिलं.

कुठे अडतं

नुसती स्तुती करून थांबलो तर मीही फडक्यावर फूल वाहणाराच ठरेन. तेव्हा अडचणी सांगतो.

पहिली, टीकेचा साचा. 'न्यायसुधा' स्वतंत्रपणे वाचताच येत नाही. 'अनुव्याख्यान' शेजारी हवं, सूत्रं हवीत, आणि खोडलेले ग्रंथ निदान नावानं तरी ठाऊक हवेत. मूळ ग्रंथात मध्व चुकले असतील असं म्हणायची सोय या साच्यात नाही. मूळ वाक्य अडचणीचं असलं की जयतीर्थांची सगळी बुद्धी ते सावरण्यात खर्च होते. इतका कठोर परीक्षक घरच्या ग्रंथाची परीक्षा घेत नाही, हे जाणवत राहतं. बैलाच्या कथेची ही दुसरी बाजू.

दुसरी, आगमाची. तर्क तुफान चालतो, पण ईश्वर, जीवांचं तारतम्य, मोक्ष या विषयांत शेवटचा शब्द श्रुतीचा. ज्याला श्रुतीचं प्रामाण्य मान्य नाही तो वाचक तिथे दारातच थांबतो. अद्वैत्यांशी वाद करताना हे खपतं, कारण श्रुती दोघांनाही मान्य. माझ्या मुलीला खपत नाही. ती विचारते, मग एवढा तर्क केलाच कशाला? माझ्याकडे याचं चोख उत्तर नाही.

तिसरी अडचण सांगायला मंगळवेढ्याला परत जावं लागेल. हे गाव म्हणजे कल्याणच्या कलचुरींचं आधीचं ठाणं. पंढरपूर तिथून पंचवीसेक किलोमीटर. याच गावात, परंपरेप्रमाणे शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ मध्ये, गावकुसाचं बांधकाम कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले. गावकूस बांधायला वेठीनं धरून आणलेल्या माणसांत ते होते. जयतीर्थांचा जन्म विद्वान धरतात तो यानंतरच्या दशकात. म्हणजे ज्या गावकुसाखाली चोखोबा गेले, त्याच गावात काही वर्षांनी वतनदाराच्या घरी हा मुलगा घोड्यावर बसायला शिकत होता.

मी बांधकामातला माणूस आहे. भिंत पडते तेव्हा खाली कोण असतं, हे मला पाहून ठाऊक आहे. म्हणून ब्रह्मसूत्रांतलं अपशूद्राधिकरण वाचताना मला चोखोबा आठवल्याशिवाय राहिले नाहीत. वेदविद्येचा अधिकार कुणाला नाही, हे तिथे सांगितलं आहे. शंकराचार्य तिथे जे म्हणतात, रामानुज जे म्हणतात, तेच मध्व म्हणतात, आणि 'तत्त्वप्रकाशिका' त्याचं विवरण करते. ईश्वर-जीव, ईश्वर-जड, जीव-जीव, जीव-जड, जड-जड, या पाच भेदांवरून शतकानुशतकं झुंजलेले दोन्ही पक्ष या एका भेदावर मात्र न भांडता एक झाले. पूर्वपक्ष मांडताना कंजुषी न करणाऱ्या या माणसाच्या पानांवर चोखोबांचा पूर्वपक्ष कुठेच नाही. मांडणारा आत येऊ शकत नव्हता. त्याचं म्हणणं अभंगांत गेलं आणि वादसभेच्या बाहेरच राहिलं.

हा दोष जयतीर्थ एकट्यांचा नाही, काळाचा आहे, असं म्हणता येईल आणि ते खरंही आहे. पण काळाला दोष देऊन सुटका करून घेणं हे त्यांच्या पद्धतीत बसत नाही. वस्तू जशी आहे तशी धरायची, तर मंगळवेढ्याचा इतिहास लिहिताना ही दोन्ही नावं एका पानावर आली पाहिजेत. आपल्या मंडळाच्या मंगळवेढ्यावरच्या टिपणांत दामाजीपंत आहेत, कान्होपात्रा आहे, चोखोबा आहेत. जयतीर्थ मात्र वेगळ्या फायलीत, 'मठ' या शीर्षकाखाली. ही फाळणी आपण केली आहे, चौदाव्या शतकानं नाही.

आपले की त्यांचे?

आता पहिल्या प्रश्नावर येतो. मंगळवेढं आज सोलापूर जिल्ह्यात, मळखेड कलबुर्गी जिल्ह्यात. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, कागिणा नदीच्या काठी. १९५६ पर्यंत ते आमच्या हैदराबाद संस्थानात, मग राज्यात होतं. वाडीकडे जाणाऱ्या गाडीत 'मळखेड रोड' स्टेशन आलं की आजी हात जोडायची. जयतीर्थांच्या काळी यातली कुठलीच हद्द नव्हती. घरात ते कुठली भाषा बोलले असतील यावर आपण तासभर वाद घालतो. त्यांनी लिहिली ती भाषा संस्कृत, ना तुमची ना आमची. ती शिकावी लागते, एवढाच तिचा सीमाप्रश्न.

वृंदावनाच्या जागेवरूनही वाद आहे. मूळ वृंदावन मळखेडचंच की आनेगुंदीच्या नवबृंदावनातलं, यावर मठामठांत मतभेद आहेत. मी त्यात बाजू घेणार नाही. पण या वादावरची भाषणं ऐकताना मला मध्वांचं 'कथालक्षण' आठवलं. वाद कसा करावा याचा हा छोटा ग्रंथ, आणि जयतीर्थांची त्यावर टीका आहे. सत्य ठरवण्यासाठी केलेला तो 'वाद', जिंकण्यासाठी केलेला तो 'जल्प', आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा नुसता मोडायचा ती 'वितंडा'. निर्णय देणारे रागद्वेषरहित आणि विद्येत मुरलेले हवेत. जयतीर्थांच्या नावानं आज जे चालतं ते यांतल्या कुठल्या खणात बसतं, हे ज्यानं त्यानं पाहावं. आमच्या चहाच्या वेळचा 'आपले की त्यांचे' हाही मी त्यातच मोजतो. तो मी स्वतः तावातावानं केलेला आहे.

आषाढ वद्य पंचमीला मळखेडला आराधना असते. कागिणेला पाणी आलेलं असतं, गर्दी असते, तीर्थप्रसाद असतो. जरूर जावं. मीही जातो. पण जाण्याआधी महिनाभर 'प्रमाणपद्धति'चं पहिलं प्रकरण, प्रत्यक्षाचं, उघडून बसावं अशी माझी मंडळातल्या सगळ्यांना विनंती आहे, स्मार्तांना, वैष्णवांना आणि या दोन्हींशी देणंघेणं नसलेल्यांनाही. अडलं तर विचारावं. मला येईल तेवढं मी सांगेन, नाही तर दोघं मिळून शास्त्रीबुवांकडे जाऊ. आजोबांचं लाल फडकं मी जपून ठेवलं आहे, पण त्यात आता काही बांधलेलं नाही.